कारुवाकीच्या नावाने

मागच्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, "गिरणीचे हप्ते मी फेडते, पण बिल मालकांच्या नावाचं." घरात भांडण नको म्हणून त्या गप्प होत्या. तेव्हा आम्हाला सम्राट अशोकाच्या राणीची आठवण झाली.

अशोक म्हटलं की कलिंगची लढाई. इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास त्याने कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाकडचा मुलूख, जिंकला. दीड लाख माणसं धरून नेली, लाखभर मारली गेली, हे त्यानेच दगडावर कोरून घेतलं, आणि झालेला पस्तावाही. पुढे वाटेवर वड लावले, विहिरी खणल्या, हे आपण शाळेत शिकलोच. राणीचा लेख मात्र कुणी सांगितला नव्हता.

प्रयागराजच्या किल्ल्यात अशोकाचा दगडी खांब आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत एक छोटासा हुकूम आहे, सगळीकडच्या महामात्रांना, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांना. दुसऱ्या राणीने जे दान दिलं असेल, मग ती आमराई असो, बाग असो की दानशाळा, ते तिच्याच नावावर धरायचं. राणी कोण तेही लिहिलंय: तीवराची आई, कारुवाकी. अशोकाच्या लेखांत नाव आलेली ही एकच राणी.

बघा, बाई सम्राटाची बायको, तरी हुकूम काढावा लागला! नाहीतर आमराई राजाच्याच खात्यात गेली असती, असं आम्हाला तरी वाटतं.

आता अशोक बायकांचं सगळंच कौतुक करायचा असं नाही हं. आपल्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडलेत, पहिला १८८२ साली. त्यातल्या नवव्या लेखात, बायका नाना निरर्थक विधी करत बसतात, अशी त्याची कुरकुर आहे. ते वाचून आमच्या गटात बराच हशा पिकला. पण दान कुणाचं, हे लिहून ठेवायला तो चुकला नाही.

तर पुढच्या बैठकीला येताना शिलाई मशीन, शेळ्या, गिरणी, जे गटाच्या कर्जातून घेतलं त्याची बिलं आणा. कुणाच्या नावाची आहेत ते रजिस्टरात लिहू. त्या ताईंचं बिल आता बदलणार नाही, पण गिरणीची उद्यम नोंदणी व्हायची आहे. तो अर्ज ताईंच्या आधार कार्डावर भरायचं घरात ठरलंय. मालकच म्हणाले.