तोफा नसलेला किल्ला : नॉयश्वानस्टाइनची एक दिवसाची सहल



आज आपण जर्मनीतल्या एका किल्ल्यावर जाणार आहोत. त्याचा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. झाडीने भरलेल्या डोंगराच्या टोकावर पांढराशुभ्र वाडा, निमुळत्या टोप्या घातलेले मनोरे आणि मागे आल्प्सचे डोंगर. कॅलेंडरवर, जिगसॉ पझलच्या खोक्यावर, टूरच्या जाहिरातीत तो असतोच. नाव नॉयश्वानस्टाइन. दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं तो बघायला जातात.

एका वर्षी त्यांत आम्हीही होतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं, त्यामुळे किल्ला म्हटलं की त्यांचा जीव त्यात. चढताना लेकीने विचारलं, "आई, तोफा कुठे ठेवल्यात?" वर पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अगं, एवढ्या उंचावर यांनी पाणी कुठनं आणलं?" आणि परत उतरताना नवरा म्हणाला, "बघा, यांनी कसं जपलंय. नाहीतर आपले गड!" सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते लागलं.

परदेशातला किल्ला बघून आलेल्या प्रत्येक मराठी घरात हे वाक्य कधी ना कधी बोललं जातं. ते किती खरं आहे, हे आज बघू. त्यासाठी आधी लेकीच्या आणि सासूबाईंच्या प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतील.

जायचं कसं

थोडक्यात सांगते. म्युनिकहून फ्युसेन नावाच्या गावापर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. तिथून बसने दहा मिनिटांत किल्ल्याच्या पायथ्याचं होहेनश्वानगाउ हे छोटं गाव येतं. पुढे डांबरी रस्त्याने अर्धा-पाऊण तासाची चढण आहे. घोडागाडी मिळते आणि बसही मिळते, पण दोन्ही अगदी दारापर्यंत सोडत नाहीत. बर्फ असला की बस बंद.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया जातं. आत गाइडबरोबरच जावं लागतं, सगळी फेरी अर्ध्या तासाची. आत फोटो काढायला मनाई आहे. वर-खाली मिळून तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर लिफ्टची चौकशी तिकीट काढतानाच करा.

किल्ल्याच्या मागे पोलाट नावाच्या ओढ्याची खोल घळ आहे आणि तिच्यावर एक लोखंडी पूल. फोटोतलं ते प्रसिद्ध दृश्य या पुलावरून दिसतं. आम्ही तिथे फोटो काढत रमलो आणि शेवटची दहा मिनिटं सासूबाईंना अक्षरशः पळवलं. तुम्ही पुलावर किल्ला बघून झाल्यावर जा.

तोफा कुठे आहेत?

कुठेच नाहीत. कधी नव्हत्याही. या किल्ल्याने एकही लढाई पाहिलेली नाही.

त्याची पायाभरणी झाली ५ सप्टेंबर १८६९ रोजी. ही तारीख आपल्या हिशेबात बसवून बघा. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ साली. म्हणजे आपल्याकडे रेल्वे सुरू होऊन सोळा वर्षं झाली होती, तेव्हा इथे पहिला दगड बसला. तोफांपुढे उंच भिंतींचा उपयोग संपल्याला तोवर कितीतरी पिढ्या लोटल्या होत्या. पन्हाळा बाराव्या शतकात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला. सासूबाईंच्या माहेरचा गड या 'जुन्या' किल्ल्याहून जवळजवळ सातशे वर्षांनी मोठा आहे.

एकदा हे कळलं की किल्ला वेगळाच दिसायला लागतो. तटाला जंग्या नाहीत. खिडक्या भल्यामोठ्या आहेत आणि त्यांना काचा आहेत. सज्जे आहेत, तेही दरीकडे तोंड करून. ज्याला शत्रूची भीती आहे तो माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. मनोरे टेहळणीसाठी बांधलेले नाहीत, ते लांबून छान दिसावेत म्हणून बांधले आहेत. आणि याची पहिली चित्रं काढली होती ख्रिस्टियान यांक याने. तो नाटकांचे पडदे रंगवणारा, रंगमंचाची सजावट करणारा कलावंत होता. त्याच्या चित्रांवरून मग वास्तुविशारदांनी नकाशे केले.

लेक म्हणाली, "म्हणजे हा डिस्नेसारखा आहे." उलट आहे. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथल्या किल्ल्यासाठी नमुना म्हणून डोळ्यांसमोर होता तो हा.

पाणी कुठून आलं?

सासूबाईंचा प्रश्न जास्त खोल होता. आपल्याकडे गड बघायचा तर पाणी आधी बघतात. पाणी नाही तर गड नाही. पन्हाळ्यावर अंधारबाव आहे. विहिरीवरच इमारत चढवली, म्हणजे वेढा पडला तरी पाण्याला कुणी हात लावू नये. अंबरखाना आहे, धान्याची भलीमोठी कोठारं. १६६० साली सिद्दी जौहरने वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज सुमारे चार महिने आत तग धरू शकले, त्यामागे हे पाणी आणि हे धान्य होतं.

नॉयश्वानस्टाइनला पाणी येतं ते किल्ल्याहूनही उंचावर असलेल्या झऱ्यातून, नळाने. उंचीमुळे पाण्याला दाब मिळतो, म्हणून वरच्या मजल्यांपर्यंत ते आपोआप चढतं. शत्रूने तो नळ तोडला तर? हा विचार कुणी केलाच नाही, कारण शत्रू येणार नव्हता. बांधणाऱ्याने विचार केला तो सोयीचा. शौचालयांना पाण्याचा फ्लश आहे. तळघरातल्या भट्टीवर तापवलेली हवा खोल्यांत खेळवून घर उबदार ठेवायची व्यवस्था आहे. नोकरांना बोलवायला विजेची घंटा, जेवणाची ताटं वर चढवायला लिफ्ट, आणि टेलिफोनसुद्धा.

भिंतीही दिसतात तशा नाहीत. आत विटा आहेत, वर चुनखडीच्या पांढऱ्या दगडाचा थर दिलाय. १८७९ आणि १८८० या दोन वर्षांतच चार लाख विटा लागल्या. दरबाराच्या दालनाचा भार पोलादी सांगाड्यावर आहे. सामान वर चढवायला वाफेवर चालणारी यारी होती. म्हणजे वरून मध्ययुग आणि आतून रेल्वेचं युग.

मग बांधला कशासाठी?

बव्हेरिया हे तेव्हा स्वतंत्र राज्य. १८६४ साली वडील गेले आणि लुडविग दुसरा अठराव्या वर्षी राजा झाला. दोनच वर्षांनी, १८६६ साली, ऑस्ट्रियाच्या बाजूने लढताना बव्हेरिया प्रशियाकडून हरला. युद्ध झालं तर बव्हेरियाचं सैन्य प्रशियाच्या हुकमतीखाली जाईल, असा करार करावा लागला. १८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं, प्रशियाचा राजा सम्राट झाला. लुडविगचा मुकुट डोक्यावर राहिला, पण त्याखालची सत्ता बरीचशी गेली.

ही अवस्था आपल्याला अनोळखी नाही. याच काळात इंग्रजांच्या छत्राखाली आपले संस्थानिक मोठमोठे राजवाडे बांधत होते. ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ चा, बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० चा. तुमच्यापैकी बरेच जण त्या गावांतून हा भाग ऐकत असाल, तर नॉयश्वानस्टाइनची तुलना गडकोटांशी करू नका, या राजवाड्यांशी करा. ती जास्त जुळते. फरक एवढाच की ते वाडे दरबार भरवायला, पाहुण्यांना दाखवायला बांधले होते. लुडविगला पाहुणे नको होते.

तो लाजाळू आणि एकलकोंडा होता. पायथ्याशी त्याच्या वडिलांचा पिवळ्या भिंतींचा वाडा आहे, होहेनश्वानगाउ. त्याच्या भिंतींवर हंसाच्या नावेतून येणाऱ्या सरदाराच्या दंतकथेची चित्रं आहेत. लुडविगचं बालपण त्या चित्रांत गेलं. पंधराव्या वर्षी त्याने त्याच कथेवरचं वाग्नरचं 'लोहेनग्रीन' हे संगीत नाटक पाहिलं आणि तो वाग्नरचा कायमचा भक्त झाला. नव्या किल्ल्यातलं गायनाचं दालन त्याने हौसेने सजवलं, पण त्याच्या हयातीत तिथे एकही मैफल झाली नाही. बांधकाम कुठवर आलंय हे तो वडिलांच्या वाड्यातून दुर्बिणीने बघत बसायचा.

हे सगळं त्याने सरकारी तिजोरीतून केलं नाही. स्वतःच्या उत्पन्नातून आणि कर्जातून केलं. पण त्याने आणखी दोन राजवाडे काढले होते आणि १८८५ पर्यंत कर्ज सुमारे १ कोटी ४० लाख मार्कांवर गेलं. सावकार जप्तीची भाषा करू लागले. मंत्र्यांनी डॉक्टरांकडून अहवाल लिहून घेतला की राजा वेडा आहे. मुख्य डॉक्टर गुडन यांनी तो लिहिण्याआधी राजाला तपासलं नव्हतं. १२ जून १८८६ रोजी त्याला याच किल्ल्यातून ताब्यात घेऊन नेलं. दुसऱ्या दिवशी रात्री स्टार्नबर्ग तलावात राजा आणि डॉक्टर दोघांचेही मृतदेह सापडले. नेमकं काय घडलं, यावर आजही वाद आहे.

ज्या किल्ल्यात राजाला परका माणूस नको होता, तो १ ऑगस्ट १८८६ पासून तिकीट लावून लोकांना उघडला. राजाला जाऊन जेमतेम सात आठवडे झाले होते.

रिकामी जागा

आत सगळ्यात लक्षात राहतं ते दरबाराचं दालन. सोनेरी छत, जमिनीवर प्राण्यांची आणि झाडांची नक्षी, संगमरवरी पायऱ्या. त्या पायऱ्या चढून वर जातात आणि तिथे काहीच नाही. सिंहासन बनायचंच राहिलं. राजा गेला आणि काम थांबलं. दोनशेहून जास्त खोल्यांचा बेत होता, पुऱ्या झाल्या त्या पंधराच्या आसपास. नव्वद मीटर उंचीचा मुख्य मनोरा उभा राहणार होता, त्याचा नुसता पाया वरच्या चौकात दिसतो. लेक त्या रेषांवरून चालत गेली.

आणि एक गोष्ट गाइडच्या अर्ध्या तासात आमच्या कानावर आली नाही. या टेकडीवर आधीपासून दोन किल्ल्यांचे अवशेष होते. ते खरे मध्ययुगीन होते. नवा किल्ला बांधण्यासाठी ते पाडले आणि डोंगराचा माथा सुरुंग लावून काही मीटरने खाली आणला. मध्ययुगासारखं दिसणारं काहीतरी उभं करायचं म्हणून खरं मध्ययुग उडवून दिलं.

तर मग 'यांनी कसं जपलंय'?

जपलंय हे खरंच. छपरं, लाकूडकाम, गर्दीची शिस्त, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गडावर वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्याला आणि दगडावर नावं कोरणाऱ्याला इथून काही सूट मिळत नाही. पण दीडशे वर्षांचा, कधीच वेढा न पडलेला वाडा शाबूत असण्यात नवल नाही. आपले गड पडके दिसतात, कारण त्यांनी मार खाल्लाय. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी रायगडावरचे वाडे जळाले. तिथली मोकळी जोती ही हलगर्जीची खूण नव्हे, ती त्या लढाईची खूण आहे. म्हणून कुणी 'गड पुन्हा नवाकोरा करू' म्हणालं की मला ती सुरुंग लावलेली टेकडी आठवते. नवं उभं करताना जुनं पुसलं जात नाही ना, हे आधी विचारायला हवं.

गंमत बघा, जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली. तीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यांत आहे. आणि त्याच बैठकीत लुडविगचे राजवाडेही त्याच यादीत गेले, नॉयश्वानस्टाइनसकट. मी ही बातमी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली. "दोघं एकाच वर्गात बसले म्हणायचे," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण आमच्याकडे पाण्याची सोय चांगली."

कुठल्याही किल्ल्यावर मुलांना घेऊन जाल तेव्हा, मग तो बव्हेरियात असो की सह्याद्रीत, हे दोन प्रश्न बरोबर न्या. इथे शत्रू कुठून येणार होता? आणि इथे पाणी कुठून येत होतं? उत्तर मिळालं तर तो गड आहे. मिळालं नाही, तर तो कुणाचं तरी स्वप्न आहे. तेही बघावं, पण ते स्वप्न आहे हे मुलांना सांगून बघावं.

तुमच्या जवळचा किल्ला कोणता आणि त्याचं पाणी कुठे आहे, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.