रिमोट स्टार्टर आणि दारांची कुलुपे

रिमोट स्टार्टर म्हणजे चावी न फिरवता, दुरून बटण दाबून गाडीचे इंजिन सुरू करणारे उपकरण. त्याचे माहेर उत्तर अमेरिका. विनिपेग, एडमंटन, मिनीॲपोलिस अशा शहरांत हिवाळ्यात पारा शून्याखाली २०–३० अंश उतरतो. काचांवरचा बर्फ वितळावा आणि आतली हवा तापावी, म्हणून घराबाहेर पडण्याआधीच इंजिन सुरू केले जाते. जनरल मोटर्सने २००४ साली शेव्हर्ले मालिबूत ही सोय कारखान्यातूनच दिली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती बाहेरून बसवली जात आहे आणि जुन्या गाड्यांत आजही बसवली जाते. बसवताना सगळे लक्ष इग्निशनच्या जाड तारांकडे असते. कुलुपांची जोडणी ही जादा हौस समजून शेवटी उरकली जाते, कधी सोडूनही दिली जाते. ही मोठी चूक आहे.

इग्निशन चालू असले की बऱ्याच गाड्यांतला बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे कुलुपे सांभाळणारा संगणक, कंपनीच्या रिमोटचे ऐकणे बंद करतो. इग्निशन चालू म्हणजे चालक आत बसलेला, हे गृहीत धरूनच त्याची रचना झालेली असते. रिमोट स्टार्टर हे गृहीतकच मोडतो. मग इंजिन चालू, दारे बंद आणि मूळ रिमोट निकामी अशा गाडीबाहेर मालकाला थंडीत उभे राहावे लागते. म्हणून कुलुपे उघडण्याची आज्ञा स्टार्टरच्या स्वतःच्या तारांतून जायला हवी.

स्टार्टरच्या पेटीतून कुलपासाठी सहसा दोन बारीक तारा निघतात, एक लावण्याची आणि एक उघडण्याची. बटण दाबले की त्यातली एक तार साधारण पाऊण सेकंद अर्थ होते. हा निगेटिव्ह इशारा अगदी क्षीण असतो. त्यावर रिलेची कॉइल ओढली जाते, दाराची मोटर फिरत नाही. हा इशारा कुठे आणि कसा पोचवायचा, हे गाडीच्या कुलूप-यंत्रणेवर ठरते.

सर्वांत सोपी यंत्रणा निगेटिव्ह इशाऱ्याची. दारावरचे बटण दाबले की तार अर्थ होते आणि गाडीतला रिले किंवा मॉड्यूल पुढचे काम करतो. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन तारेला लावली की कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट दिसतात आणि बटण दाबताच ते शून्यावर येतात. अशा गाडीत तारेला तार जोडली की काम झाले. पॉझिटिव्ह इशाऱ्याच्या यंत्रणेत उलटे घडते. तार एरवी शून्यावर असते आणि बटण दाबल्यावर १२ व्होल्ट दाखवते. इथे स्टार्टरच्या निगेटिव्ह इशाऱ्याने एक छोटा रिले ओढून त्यातून पॉझिटिव्ह द्यावा लागतो.

खरी कसोटी लागते ती पोलॅरिटी उलटणाऱ्या यंत्रणेत. तिच्यात मधे रिले नसतो. दाराचे बटणच मोटरला थेट वीज देते. मोटरच्या दोन्ही तारा विश्रांतीत बटणातून अर्थला टेकलेल्या असतात. लावताना एका तारेला १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरी अर्थवरच राहते. उघडताना दोघींच्या भूमिका बदलतात आणि मोटर उलटी फिरते. व्होल्टमीटरवर ही यंत्रणा पॉझिटिव्ह यंत्रणेसारखीच दिसते, कारण दोन्हींत तार शून्यावरून १२ वर जाते. अनेक कारागीर फसतात ते इथेच. फरक रोधात कळतो. विश्रांतीतल्या तारेचा बॉडीशी रोध मोजला तर पॉझिटिव्ह यंत्रणेत रिलेच्या कॉइलचा ठळक रोध दिसतो, आणि पोलॅरिटी उलटणाऱ्या यंत्रणेत जवळजवळ शून्य.

ही तपासणी टाळून तारेला सरळ १२ व्होल्ट दिले, तर ते मोटरकडे जाण्याआधी बटणातून अर्थला जातात. थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. म्हणून इथे तार जोडून भागत नाही, कापावी लागते. पाच पिनांचे दोन रिले घेतले जातात. कापलेल्या तारेचे बटणाकडचे टोक ८७ए या पिनेला, मोटरकडचे टोक ३० ला आणि फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह ८७ ला लागतो. कॉइलच्या ८६ ला १२ व्होल्ट आणि ८५ ला स्टार्टरचा निगेटिव्ह इशारा मिळतो. दुसऱ्या तारेसाठी दुसरा रिले असाच जोडायचा. रिले स्वस्थ असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, त्यामुळे मूळ बटण पूर्वीसारखे चालते. रिले ओढला गेला की बटणाची बाजू तुटते आणि मोटरला थेट वीज मिळते. तेवढ्या वेळात दुसरी तार आपल्या रिलेतून अर्थवरच असते, म्हणून मोटरचे वर्तुळ पूर्ण होते. इतकी साधी आणि इतकी निर्दोष योजना गाडीच्या विजेच्या कामात क्वचितच सापडते. कापलेली तार मुख्य बटणाची असावी एवढी काळजी घ्यायची.

काही गाड्यांत लावणे आणि उघडणे दोन्ही एकाच तारेवर चालते. बटणातले वेगवेगळे रोधक तारेवर वेगळा व्होल्टेज आणतात आणि मॉड्यूल त्यावरून आज्ञा ओळखतो. तिथे बटण दाबून रोध मोजायचा आणि तेवढाच रोधक स्टार्टरच्या तारेत घालायचा. जुन्या मर्सिडीजमध्ये कुलुपे निर्वात पंपावर चालत, म्हणून तिथे इशारा काही सेकंद लांबवावा लागतो. नव्या गाड्यांत दाराची आज्ञा कॅन या डेटा जाळ्यावरून जाते. अशा तारेला मीटर लावून काही हाती लागत नाही. त्या गाडीसाठी बनवलेला डेटा मॉड्यूलच लागतो.

कुलूप उघडले म्हणजे काम संपले असे नाही. कंपनीचा अलार्म लागलेला असताना दार स्टार्टरच्या तारेने उघडले, तर गाडीला ती चोरी वाटते, भोंगा वाजतो आणि इंजिनही बंद पडू शकते. म्हणून अलार्म उतरवणारी तार शोधून उघडण्याच्या इशाऱ्याबरोबर आणि इंजिन सुरू होण्याआधी तिलाही इशारा द्यावा लागतो. उलट, इग्निशन चालू-बंद झाले की काही गाड्या स्वतःच दारे उघडतात. तिथे इंजिन सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर पुन्हा कुलूप लावण्याची सेटिंग चालू करावी. नाहीतर इंजिन चालू असलेली उघडी गाडी रस्त्यावर उभी राहते.

भारतात ह्युंदाई व्हेन्यूसारख्या गाड्यांत मोबाइलवरून इंजिन सुरू करण्याची सोय कारखान्यातूनच येते. बाहेरून होणारे काम मुख्यतः सेंट्रल लॉकिंगचे. त्यात चालकाच्या दारात पाच तारांची मोटर, बाकी दारांत दोन तारांच्या मोटरी आणि मधे नियंत्रण पेटी असते. या पेटीचे तर्कशास्त्र वर सांगितलेलेच आहे. हाताच्या गिअरच्या गाडीत मात्र रिमोट स्टार्टर बसवण्याचा मोह टाळावा, कारण गिअर पडलेला असेल तर गाडी जागची झेप घेते.

कामाला हात घालताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना स्पर्श करू नये. मॉड्यूलच्या तारांवर टेस्ट लॅम्प लावू नये, कारण तो ओढत असलेला प्रवाह नाजूक सर्किटला सोसत नाही. तारांच्या रंगावर विसंबू नये. एकाच मॉडेलचे रंग वर्षागणिक बदलतात. जोड सोल्डर करून टेप गुंडाळावी. शेवटची चाचणी मोकळ्या जागेत, चालकाकडची काच खाली ठेवून घ्यावी.