फीच्या पलीकडे

गरीब घरच्या मुलाची फी भरली की आपले कर्तव्य संपले, अशी आपणां सर्वांची प्रामाणिक समजूत असते. आमचीही होती. पण फी माफ असलेला आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा उपाशीपोटी शाळेत येई. दहावीपूर्वीच तो शाळा सोडून गेला. तेव्हापासून फी ही मदतीची केवळ पहिली पायरी होय, असे आम्हांस वाटते. पुढच्या पायऱ्या कोणत्या, हे केरळातील एका धावपटूच्या कार्यावरून चांगले समजते.

पी. टी. उषा या पय्योळी गावच्या. १९७६ साली कण्णूर येथे सरकारने मुलींसाठी क्रीडा विभाग काढला. तेथे त्यांना प्रवेश मिळाला आणि ओ. एम. नंबियार यांच्यासारखे गुरू लाभले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांना ५५.४२ सेकंद लागले आणि शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकले. त्या वेगाने हे अंतर सुमारे सात सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार बोटे भरते! तेथे आपल्याला पेज व लोणच्यावर राहावे लागले, असे त्यांनी पुढे सांगितले.

ही उणीव पुढच्या मुलींना भासू नये म्हणून २००२ साली त्यांनी कोयिलांडी येथे ‘उषा स्कूल ऑफ अ‍ॅथलेटिक्स’ सुरू केले. पुढे ते किनालूर येथे गेले. पद्धत साधी आहे. लहान वयाच्या होतकरू मुली चाचणी घेऊन निवडायच्या, वसतिगृहात ठेवायच्या, पुरेसे खाऊ घालायचे, जवळच्या शाळेत शिकवायचे आणि शाळेपूर्वी व शाळेनंतर मैदानावर सराव घ्यायचा. पळणे थांबले तरी शिक्षण हाती राहते, हे यातील मर्म होय.

पहिल्या तुकडीतील टिंटू लुका हिने २०१० साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला. तोवर आठ वर्षे लोटली होती. झाड लावून लगेच फळ मागणाऱ्याचे हे काम नव्हे.

सर्वच मुलींना पदके मिळत नाहीत, हे खरे. पण जेवण, निवारा, अभ्यास आणि पाठीशी उभे राहणारे माणूस ही चौकट मिळाली, तर मूल टिकते. महोत्सवानिमित्त जमणाऱ्या निधीचा विचार करताना न्यासाच्या सभासदांनी फीच्या पावतीबरोबर त्या मुलाच्या ताटाकडेही पाहावे, एवढीच आमची विनंती.