कादंबरी किती पानांची?

कादंबरी केवढी असावी, याला आकड्यात उत्तर देणारे कमी नाहीत. इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत पन्नास हजार शब्दांची खालची मर्यादा सुचवली. विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कार चाळीस हजार शब्दांपासून पुढच्या लेखनाला कादंबरी मानतात. आपल्याकडे शब्द कोणी मोजत बसत नाही. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत जेमतेम दीर्घकथेएवढ्या मजकुरावरही ‘संपूर्ण कादंबरी’ असा शिक्का खुशाल बसतो. स्पर्धेच्या परीक्षकांना आणि अंकाच्या संपादकांना अशा मापांची गरज असते, हे मान्य. पण ही मापं कादंबरीच्या आतून आलेली नसतात. ती छपाई, विक्री आणि वर्गणी यांच्या व्यवहारातून येतात, आणि काही काळाने कलेचे नियम असल्यासारखी मिरवू लागतात.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे जितकं उघडपणे घडलं तितकं क्वचितच घडलं असेल. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी १८४२ मध्ये लंडनला वर्गणीवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची छापील किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे वर्षभराच्या वर्गणीच्या दीडपट. इतकं महाग पुस्तक विकत कोण घेणार? वाचक आपसूक म्यूडींच्या दारात येई. शिवाय एकाच कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन घरांत फिरत. त्यामुळे लेखकाकडे दोन खंडांपुरताच ऐवज असला तरी तिसरा खंड भरावाच लागे. मग उपकथानकं, लांबलेले संवाद, योगायोगाने सापडणारी मृत्युपत्रं. जॉर्ज गिसिंगच्या ‘न्यू ग्रब स्ट्रीट’ (१८९१) या कादंबरीतला लेखक तिसऱ्या खंडाच्या धसक्यानेच खचत जातो, आणि गंमत म्हणजे ती कादंबरीही तीन खंडांतच निघाली. १८९४ मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या वाचनालयांनी एका खंडाला चार शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही असं कळवलं आणि तीनच वर्षांत ही त्रिखंडी कादंबरी जवळपास संपली. वाचनालयांच्या त्या निर्णयानंतर पुढच्याच वर्षी गिसिंगने आपली ‘द अनक्लास्ड’ ही जुनी त्रिखंडी कादंबरी कापून एका खंडात आणली.

यावरून लांबी म्हणजे बाजाराने लादलेलं ओझं, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. तो मला पटत नाही, कारण त्याच काळात आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली गेली. १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ती आठवड्याच्या हप्त्यांनी येत होती, तेव्हा विस्ताराचं निमित्त तिथेही होतंच. पण नायिका यमूच्या घरातला जाच एका प्रसंगाने कळणारा नाही. टोमणे, धाक, सणवार, पुन्हा टोमणे असा तो वाचकाच्या अंगावर साचत जावा लागतो. यमूचा संसार मोडतो, तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, तेव्हा तिचं आधीचं बालपण आपल्याला अर्धवट आठवत असतं, आणि हे अर्धवट आठवणंच इथे कामी येतं. स्वतःचं लहानपणही माणसाला असंच आठवतं. मोठी कादंबरी वाचकाच्या विसरण्यावर चालते. तेवढा वेळ मध्ये गेलाच नाही तर तिचा परिणाम होत नाही.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) याच्या नेमकी उलट. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावरचे जर्मनीतून हाकललेले ज्यू, चक्रधर आणि हेर्टा यांची थोड्या दिवसांची ओळख. इथे वाचकाला सगळं एकदम हाताशी लागतं. पहिल्या भेटीतला सूर शेवटच्या पानापर्यंत कानात राहिला, तरच तो वियोग लागतो. तिला चारशे पानं दिली असती तर ते नातं रुळलं असतं, आणि रुळलेलं नातं तुटण्याची कथा ही वेगळीच कादंबरी झाली असती. लांबी कथेतल्या काळावरही ठरत नाही. जॉइसच्या ‘युलिसिस’चा जाडजूड पसारा १६ जून १९०४ आणि त्यानंतरची रात्र एवढ्यात मावतो.

आता वाचकाला वेळ नाही, म्हणून कादंबरी आखूडच हवी, हा आक्षेप नेहमीचा. बुकर पारितोषिक २०१३ मध्ये एलेनॉर कॅटनच्या आठशेहून अधिक पानांच्या ‘द ल्युमिनरीज’ला मिळालं आणि २०२४ मध्ये समांथा हार्वीच्या सुमारे १३६ पानांच्या ‘ऑर्बिटल’ला. पारितोषिकांवरून वाचक कळतात असं नाही, पण आपल्याकडेही ‘मृत्युंजय’ आणि ‘पानिपत’ यांच्या आवृत्त्या जाडीमुळे अडल्या नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खालची मर्यादाच काढली तर दीर्घकथा आणि कादंबरी यांत फरक काय उरणार? काठावरच्या पुस्तकांपुरता तो पुसट होईल, होऊ द्यावा. खरी अडचण त्या काठावर नसून मधल्या पट्ट्यात आहे, जिथे दीडशे पानांचा ऐवज अडीचशे पानांच्या किमतीला शोभावा म्हणून ताणलेला असतो. अशा पुस्तकात वाचक ना काही विसरत, ना काही धरून ठेवत. म्हणून हस्तलिखित हाती आल्यावर संपादकाने किती कापता येईल हे विचारण्याआधी, वाचकाने पहिलं प्रकरण विसरलेलं चालेल का, हे विचारावं. चालत नसेल, तर कात्री काढायला हरकत नाही.