मोठी गाडी परीक्षा घेते ती थांबताना!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी स्कूटी चालवतात. काही जणी घरातली शंभर सीसीची मोटारसायकलही सफाईनं चालवत असतील. पण समजा, उद्या अंगणात उभी असलेली बुलेट बाहेर काढायची वेळ आली, तर? पोटात गोळा येतो ना?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला माझ्या धाकट्या जाऊबाईंवर गेल्या दिवाळीत हीच वेळ आली. पाच वर्षं शंभर सीसीच्या गाडीवर दूध डेअरीला पोचवणारी ही बाई! भाऊजींनी ती गाडी विकून साडेतीनशेची बुलेट घेतली आणि महिनाभरातच शेतात घसरून मनगट मोडून घेतलं. हात प्लास्टरमध्ये. सासूबाईंना साखर तपासायला भोकरदनला न्यायची तारीख चार दिवसांवर. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. ओट्यालगत गाडी लावली तर मात्र नीट बसतात. मग गाडी चालवणार कोण?

“ताई, चालवता येते की मला,” म्हणून जाऊबाईंनी गाडी सुरू केली आणि अंगणातच वळवताना आडवी पाडली. वेग म्हणाल तर मुंगीचा!

यातच सगळं आलं, बरं का! शंभर सीसीची गाडी 110-112 किलोची, तर बुलेट 190 किलोच्या वर. तिकडे आठ घोड्यांची ताकद, इकडे वीस. आपल्याला भीती वाटते ती तिच्या पळण्याची. पण पळताना जड गाडी उलट स्थिर वाटते. ती दगा देते वळवताना, थांबताना, पाय टेकताना. एकदा एका अंगाला कलली की हातांच्या जोरावर सावरत नाही.

त्यावर सासूबाई म्हणाल्या, “आधी रिकामी हिंडव. हात नवा असला तर म्हैससुद्धा पान्हा चोरते!” दिवाळीच्या सुट्टीमुळे शाळेचं मैदान मोकळंच होतं. तीन दिवस पहाटे आम्ही दोघी तिथं होतो. तिथं शिकलो ते तुम्हालाही सांगते.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवूनच गाडी ढकला, स्टँडवर लावा, उतरवा. वजन कुठं झुकतं ते अंगाला कळू द्या. गाडी पडलीच तर आधी इंजिन बंद करा. मग तिच्याकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून, पायांच्या जोरावर उचला. कंबरेला ताण देऊ नका.

दुसऱ्या दिवशी क्लच. तो सावकाश सोडत गाडी माणसाच्या चालीनं न्यायची. रेस देताना मनगट अगदी हलकं हवं, फोडणीत हिंग घालतो ना, तसं.

तिसरा दिवस फक्त ब्रेकचा. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मात्र वाळूत किंवा वळणावर तो करकचून दाबू नका. आणि हे पाठच करा: वेग तीसवरून साठ झाला की ब्रेक लावल्यावर गाडी दुप्पट नव्हे, चौपट अंतर जाऊन थांबते.

जुनी बुलेट घेतली असेल तर आधी पाय बघा. पूर्वीच्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असायचा. सवयीनं पाय चुकीच्या जागी पडला तर संपलंच!

लायसन्सही काढून बघा. विनागिअर गाडीचं लायसन्स गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवंच. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं साडीगार्ड 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलंय. शोभेसाठी ते काढू देऊ नका. पदर खोचलेला असू द्या.

‘बायकांना कुठं झेपतंय!’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा, उर्वशी पाटोळे यांनी 2011 साली पुण्यात ‘बायकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू केला. रमिला लटपटे तर 2023 साली नऊवारी नेसून मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघाल्या!

चौथ्या दिवशी ओट्यालगत बुलेट लागली. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, सासूबाईंचा एक हात जाऊबाईंच्या कंबरेला. वाटेत एका वळणापुढं शेळ्यांचा कळप आडवा आला. मागं बसलेल्या जिवाची काळजी म्हणून वेग आधीच बेताचा ठेवला होता. गाडी सरळ रेषेत थांबली, डावा पाय टेकला, शेळ्या निवांत गेल्या.

परत आल्यावर सासूबाईंनी भाऊजींना एवढंच सांगितलं, “तुझ्यापेक्षा हिला थांबता चांगलं येतं.”

तेव्हा मैत्रिणींनो, मोठी गाडी जरूर चालवा. पण आधी मोकळं मैदान, रिकामी सीट आणि तीन पहाटा तिला द्या. घरचं माणूस मागं बसवायचं ते त्यानंतरच!