जगत्सुंदरीचे एक वर्ष

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत रीटा फारिया यांना एक ओळ मिळते: 'मिस वर्ल्ड' हा किताब मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, १९६६. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक परिच्छेद मिळतो आणि त्याचा साचा ठरलेला असतो. मुंबईची वैद्यकीय विद्यार्थिनी लंडनला गेली, मुकुट जिंकला, चित्रपटांच्या मागण्या नाकारल्या, डॉक्टर झाली आणि संसारात रमली. यातले काहीच खोटे नाही. पण मोहाकडे पाठ फिरवून सेवेकडे वळलेली स्त्री आपल्याला जरा जास्तच आवडते आणि तिची गोष्ट सांगताना अडचणीचे भाग आपण सोयीने गाळतो. गळालेला भाग आहे तो १९६६च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षाचा. मुकुट म्हणजे बक्षीस असा आपला समज असतो. तो वर्षभराचे कामही असतो; त्या कामाला मालक असतो, आणि विजेतीवर आपला हक्क आहे असे मानणारे त्या मालकाखेरीज आणखीही बरेच निघतात.

त्याआधी 'मिस इंडिया' या शब्दांचा घोळ थोडा निस्तरायला हवा. सत्तेचाळीस सालची पहिली मिस इंडिया म्हणून प्रमिला यांचे नाव घेतले जाते. त्यांचे मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातल्या. किताब मिळाला तेव्हा त्या विवाहित होत्या, त्यांना मुले होती, त्या नावाजलेल्या अभिनेत्री होत्या आणि स्वतःची चित्रसंस्था चालवत होत्या. (अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये अगदी अखेरच्या काळात त्यांनी काम केले, हे मराठी प्रेक्षकांच्या फारसे लक्षात नाही.) १९५२ साली पहिल्या 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या लाँग बीचला गेलेल्या नर्तिका इंद्राणी रहमान याही विवाहित आणि आई होत्या. विवाहित स्त्रियांना आणि मातांना आता प्रवेश मिळणार, अशी मोठी बातमी त्या स्पर्धेच्या आयोजकांनी २०२२ साली दिली, तेव्हा हा इतिहास कोणी काढला नाही. आणि लीला नायडू? त्यांच्या नावापुढे '१९५४ची फेमिना मिस इंडिया' असे सर्रास लिहिले जाते. 'फेमिना' हे नियतकालिक निघाले १९५९ साली. किताब खरा असला तरी त्याआधीचा शब्द मागाहून चिकटलेला आहे.

म्हणजे सुरुवातीच्या काळात मिस इंडिया ही एक अखंड संस्था नव्हती. कोणी तरी स्पर्धा भरवी, कोणी तरी जिंके, मग काही वर्षे काहीच नसे. साठच्या दशकात मात्र दोन इंग्रजी स्त्री-नियतकालिकांनी हे क्षेत्र वाटून घेतले. 'फेमिना'ची स्पर्धा १९६४पासून सुरू झाली. 'ईव्ह्ज वीकली'ची वेगळी. त्यामुळे १९६६ साली भारताला दोन मिस इंडिया होत्या. 'फेमिना'च्या यास्मिन दाजी 'मिस युनिव्हर्स'ला गेल्या आणि तिसऱ्या उपविजेत्या ठरल्या. 'ईव्ह्ज वीकली'च्या रीटा फारिया 'मिस वर्ल्ड'ला गेल्या. दोघीही वैद्यकीय विद्यार्थिनी. हा योगायोग वाटला, तरी इंग्रजी बोलणारा, मुलींना शिकवणारा आणि पोहण्याच्या पोशाखाला न बिचकणारा शहरी वर्ग तेव्हा किती लहान होता, हेही त्यातून दिसते. स्पर्धक येणार होत्या त्या त्याच वर्गातून.

रीटा यांचा जन्म १९४३चा, मुंबईतला. घर माटुंग्याचे, आईवडील गोव्याचे. वडील थिवीचे, मिनरल वॉटरच्या कारखान्यात नोकरीला. आई सांताक्रूझची, केशरचनेचे सलून चालवणारी. घरात दोन कमावती माणसे होती आणि मुलीने शिकावे ही अपेक्षा होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या शिकत होत्या. उंची पाच फूट आठ इंच. त्या काळच्या मुंबईत ही उंची लग्नाच्या बाजारात अडचणच ठरली असती, स्पर्धेत मात्र उपयोगी पडली. आधी मिस बॉम्बे, मग मिस इंडिया, आणि नोव्हेंबरात लंडन.

लंडनला जाताना त्यांच्याकडे तीन पौंड होते. हे आकडे पुरवण्यांत गरिबीची खूण म्हणून येतात, पण तो गरिबीचा प्रश्न नव्हता. परकीय चलनाची टंचाई एवढी होती, की परदेशी जाणाऱ्या भारतीयाला इतकेच पौंड नेण्याची मुभा असे. त्या काळी गेलेल्या असंख्य विद्यार्थ्यांच्या आठवणींत हे तीन पौंड भेटतात. ६ जून १९६६ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि सुमारे तेरा रुपयांचा पौंड एकवीस रुपयांना झाला. म्हणजे जगत्सुंदरी व्हायला निघालेल्या मुलीची एकूण पुंजी त्रेसष्ट रुपये. साडी उसनी आणि पोहण्याचा पोशाखही उसना, तो आदल्या वर्षीच्या 'फेमिना' मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांचा. तो आखूड पडला, तेव्हा त्या तीन पौंडांतूनच नवा पोशाख आणि उंच टाचांचे बूट घ्यावे लागले, असे रीटा यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

स्पर्धा १७ नोव्हेंबरला लायसियम बॉलरूममध्ये झाली. डॉक्टर का व्हायचे, या प्रश्नाला त्यांनी भारतात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ हवे आहेत असे उत्तर दिले. भारतात मुले तर आधीच भरपूर आहेत, असा टोमणा आला. त्यावर, तेच तर कमी करायचे आहे, असे त्या म्हणाल्या. किस्सा असा सांगितला जातो. तो थोडा घासूनपुसून आलेला असेल, पण काळाला शोभणारा आहे. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयात कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभाग निघाला होता. परीक्षकांसमोर उभी असलेली मुलगी जे बोलत होती, ते सरकारी धोरणच होते.

सरकारशी असलेले हे सूत पुढे महिनाभरच टिकले. 'मिस वर्ल्ड'च्या विजेतीने वर्षभर आयोजक सांगतील तिथे हजर राहायचे असते. डिसेंबरात विनोदी नट बॉब होप यांचा ताफा व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांसाठी नाताळचे कार्यक्रम करायला निघाला. जोई हेदरटन, अनिता ब्रायंट, फिलिस डिलर यांच्याबरोबर त्यात रीटा फारियाही होत्या. आघाडीवरच्या तरुण सैनिकांसमोर यायचे, होप यांच्या विनोदांना हसून उत्तर द्यायचे, असे ते काम.

दिल्लीला हे रुचले नाही आणि त्याला कारणे होती. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन वर्षही झाले नव्हते. बिहारमध्ये दुष्काळ होता, अमेरिकन गव्हाची जहाजे बंदराला लागत तेव्हा शिधा पुरे, आणि तरीही उत्तर व्हिएतनामवरच्या बाँबहल्ल्यांवर भारत टीका करत होता. गहू घ्यायचा आणि मान ताठ ठेवायची, या कसरतीत भारताच्या नावाची पट्टी लावलेली तरुणी अमेरिकन तळावर दिसणे सरकारला अवघड जाणारच होते. मला यात सरकारची बाजू समजते. पण ती पट्टी त्या मुलीला सरकारने दिलेली नव्हती. ती दिली होती एका खासगी साप्ताहिकाने आणि तिचा वापर करत होती एक ब्रिटिश मनोरंजन कंपनी. किताबात देशाचे नाव आले, की देशाला वाटते हे माणूस आपले; करार मात्र दुसऱ्याशीच झालेला असतो. तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने यातले कोणाचे ऐकायचे?

आणि न ऐकण्याची किंमत त्या काळी आजच्यापेक्षा मोठी होती. डिसेंबर १९६६मध्ये भारतीयाचा पासपोर्ट हा हक्क मानला जात नव्हता. द्यायचा, ठेवायचा की परत मागायचा हे शासनाच्या मर्जीवर होते, त्यासाठी धड कायदाही नव्हता. परदेशप्रवास हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सांगितले ते १० एप्रिल १९६७ला, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. मग घाईने पासपोर्ट कायदा झाला. खटल्याचा आणि रीटा फारिया यांचा संबंध नाही. पण त्या व्हिएतनामला गेल्या, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन कशी होती, हे त्यावरून कळते.

हक्क सांगणारे इथेच संपत नाहीत. तिकडे गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावर रान पेटले होते. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला आणि १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी गोवा वेगळा राहिला. मुकुट आणि कौल यांत दोनच महिन्यांचे अंतर. माटुंग्यात वाढलेली, थिवीची, भारताची पट्टी लावलेली मुलगी नक्की कुठली, हा प्रश्न अशा हवेत साधा राहत नाही. आजही मुंबईकर आणि गोंयकार दोघेही तिला आपली म्हणतात, आणि दोघांचेही बरोबर आहे.

वर्ष संपले. चित्रपटांच्या आणि जाहिरातींच्या मागण्या आल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. एम.बी.बी.एस. पुरे केले, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये पुढचे शिक्षण घेतले, १९७१ साली डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला आणि १९७३पासून डब्लिनमध्ये राहून वैद्यकी केली. आनंदीबाई आणि रखमाबाईंमुळे सातासमुद्रापार वैद्यक शिकणाऱ्या स्त्रीची प्रतिमा आपल्या मनात पवित्र झालेली आहे. रीटा यांच्या या निवडीवर आपण तीच शाल पांघरतो. मला वाटते, त्यांनी त्याग केला असे म्हणण्यापेक्षा त्यांच्याकडे परतायला जागा होती असे म्हणणे खऱ्याच्या अधिक जवळ जाईल. वॉर्ड होते, परीक्षा होत्या, पुढे मिळणारी पदवी होती, जिच्यावर ना साप्ताहिकाचा हक्क होता ना कंपनीचा. पर्सिस खंबाटांकडे अशी जागा नव्हती. त्या मॉडेलिंगमधून चित्रपटात आणि तिथून हॉलिवुडपर्यंत गेल्या, कारण त्यांचा धंदाच तो होता. त्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही. उलट मिस इंडिया झालेल्या स्त्रियांची नोंद ठेवणारे 'प्राइड ऑफ इंडिया' हे पुस्तक १९९७ साली काढले ते त्यांनीच.

लंडनमध्ये पुढे या स्पर्धेचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २० नोव्हेंबर १९७०ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बॉब होप मंचावर असताना स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी पिठाच्या पिशव्या फेकून कार्यक्रम उधळला. जगत्सुंदरीला युद्धभूमीवर सैनिकांच्या करमणुकीला नेले जाते, हाही त्यांच्या रोषाचा एक विषय होता. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाला धरून दोन स्पर्धक पाठवल्या, एक गोरी आणि एक काळी. त्याचा निषेध म्हणून अनेक देशांनी माघार घेतली, त्यांत भारत होता. त्या वर्षीच्या परीक्षक मंडळात रीटा फारिया होत्या. दहा वर्षांत दुसऱ्यांदा भारत एका बाजूला आणि त्याची पहिली जगत्सुंदरी दुसऱ्या बाजूला, असे चित्र तयार झाले. फरक एवढाच की आता त्या डब्लिनच्या डॉक्टर होत्या आणि कोणाची पट्टी त्यांच्या अंगावर नव्हती.

त्यानंतर भारताला पुढचा मुकुट मिळायला १९९४ उजाडले. तोवर बाजार खुला झालेला होता, सौंदर्यप्रसाधनांच्या परदेशी कंपन्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांच्या वर्षाचे मोल वेगळेच झाले. १९९८ साली 'फेमिना'ने रीटा फारिया यांना परीक्षक म्हणून मुंबईला बोलावले, ते या नव्या जमान्यात. २०१७ साली पुन्हा एक वैद्यकीय विद्यार्थिनी जगत्सुंदरी झाली, हरयाणाची मानुषी छिल्लर. तिच्या विजयाच्या बातम्यांत रीटा फारियांची ती एक ओळ पुन्हा छापून आली. मानुषीचे वर्ष संपले आणि ती चित्रपटात गेली.