वाजीकरण आणि वीर्यतपासणी

मंडळी, आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम? सांगतो. मराठीत मूल न होणाऱ्या बाईसाठी 'वांझ' हा शब्द आहे आणि तो भांडणात सहज तोंडात येतो. पुरुषासाठी काय आहे? 'षंढ', 'नपुंसक'. म्हणजे ज्याला संबंध जमत नाही तो. पण संबंध उत्तम जमतो आणि वीर्यात शुक्रजंतू मात्र नाहीत, अशा पुरुषाला आपल्या बोलीत शब्दच नाही. शब्द नाही म्हणून त्या गोष्टीचा शोधही कुणी घेत नाही. लग्नाला चार वर्षं होतात, सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, ग्रामदेवतेला नवस बोलून होतो, आणि मुलाची साधी वीर्यतपासणी झालेली नसते. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणाबरोबर.

परंपरेत हे दुर्लक्ष नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात दुसराच अध्याय वाजीकरणाचा आहे. तिथे अपत्यहीन पुरुषाला सावली नसलेल्या झाडाची उपमा दिली आहे. पुरुषाला, बरं का! शुक्राचे आठ दोषही पुढे सांगितले आहेत: फेसाळ, पातळ, रंग बदललेलं वगैरे. अडचण एवढीच की हे सगळं डोळ्यांनी पाहून ठरवायचं. शुक्रजंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते १६७७ साली, लेवेनहुकला. एकही शुक्रजंतू नसलेलं वीर्य साध्या डोळ्यांना अगदी निरोगी दिसू शकतं.

शिवाय वाजीकरणात जोम आणि बीज एकाच पोतडीत आहेत. आजच्या जाहिराती हाच गोंधळ विकतात. 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या ताकदीच्या काही गोळ्यांत व्हायग्रामधलं औषध सापडलेलं आहे. त्याने ताठरता येईल, बीज वाढणार नाही.

मग उडीद, दूध, तूप, कवचबीज, मुसळी यांचं काय? पावसाळ्यात आपण जी फोडशीची भाजी खातो ती मुसळीच्याच कुळातली. खा, चांगली लागते. उपासमार असलेल्या शरीराला तूप-उडदाने बळ येईल, यात शंका नाही. पण पोट सुटलेल्या माणसाने वर डिंकाचे लाडू खाल्ले तर उलट परिणाम. लठ्ठपणात पुरुषी संप्रेरक कमी होतं. अश्वगंधेच्या काही छोट्या चाचण्यांत शुक्रजंतूंची संख्या वाढलेली दिसली. चाचण्या मोजक्या आहेत, आणि अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची अमेरिकेत २३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. ना वीर्य सुधारलं, ना मुलं जास्त झाली.

"पण आमच्या शेजाऱ्याला गुण आला!" इथे माझा विषय येतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. याला काकतालीय न्याय म्हणतात. शुक्रजंतूंची संख्या एकाच माणसात दर तपासणीला बरीच बदलते. कमी आली की औषध सुरू होतं, आणि पुढच्या वेळी ती आपोआपही वाढलेली असू शकते. औषध घेतलं आणि गुण आला, हा झाला अन्वय. न घेणाऱ्यांचं काय झालं, हा व्यतिरेक कुणी पाहत नाही.

आपल्या मुरुडचे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. हे प्रश्न विचारण्याची धमक त्यांच्यात होती. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना मोकळी उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

आता निसर्गाचं गणित. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, वर परिपक्व व्हायला आणखी काही. म्हणजे आज तंबाखू सोडली तर फरक दिसायला तीन महिने. ताप येऊन गेला असेल तरी तेवढाच काळ थांबून पुन्हा तपासायचं. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. बोटीच्या इंजिनाजवळ किंवा भट्टीपाशी दिवस काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बागेत फवारणी करणाऱ्यांनीही. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे कीटकनाशक हाताळणारे कामगार वंध्य झाल्याचं उघड झालं होतं. जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर दंड फुगतात आणि शुक्रजंतू पार शून्यावर येऊ शकतात.

वीर्य साठवून ते 'घट्ट' होतं, हाही समजच. तपासणीआधी दोन ते सात दिवसांचा संयम पुरे, महिनाभर नको. एक रिपोर्ट वाईट आला तर दुसरा करावा. नमुना तासाभरात तपासायला हवा, म्हणून लांबच्या गावाहून येणाऱ्याने बाटली घेऊन एसटीत बसू नये. लॅबमध्ये जाऊनच द्यावा, तिथे वेगळी खोली असते.